नव्वद टक्के कशाचे?

सोलापुरात पाण्याचा विषय निघाला की तो उजनीपासून सुरू होतो आणि नळाला पाणी किती दिवसांनी आले यावर येऊन थांबतो. डोक्यावर पडणाऱ्या पावसाची गोष्ट त्यात फार कमी निघते, कारण आपला जिल्हा पर्जन्यछायेतला, आणि पाऊस पडतोच किती, अशी सगळ्यांची समजूत. जिल्ह्याची वार्षिक सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे हे खरे. पण शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर तेवढ्याच पावसात सुमारे पंचावन्न हजार लिटर पाणी पडते, आणि वाफ होऊन किंवा फरशीत मुरून गेलेला पाचवा हिस्सा वजा केला तरी चाळीस हजारांहून अधिक लिटर पाणी पन्हळीतून खाली येते. हा हिशेब लोकांच्या लक्षात येऊ लागला आहे आणि म्हणून हल्ली नव्या सोसायट्यांमध्ये, शाळांच्या आवारात, अगदी बंगल्यांच्या दारातसुद्धा बोअरच्या पुनर्भरणाचे खड्डे दिसू लागले आहेत. त्या खड्ड्यांत खडी, वाळू, कोळसा यांचे थर असतात, किंवा बाजारात तयार मिळणारी गाळणी बसवलेली असते. या गाळणीच्या माहितीपत्रकावर एक वाक्य हमखास असते: नव्वद टक्के प्रदूषक काढून टाकते.

मी पाण्याचे नमुने तपासण्याच्या कामात आहे. ते वाक्य वाचले की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, नव्वद टक्के कशाचे? गाळाचे, जस्ताचे, तेलाचे, की जंतूंचे? आणि दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: गाळणीत शिरलेले पाणी कसले होते? या दोन प्रश्नांची उत्तरे नसतील तर त्या टक्केवारीला काहीच अर्थ उरत नाही. बोअरमध्ये सोडलेले पाणी पुन्हा उपसून बाहेर काढता येत नाही. बेसाल्टच्या भेगांमधून ते शेजारच्या बोअरपर्यंत कसे आणि किती दिवसांत पोहोचेल, हे कोणालाही नेमके सांगता येत नाही. म्हणूनच गाळणी तपासण्याच्या कामाकडे मी किरकोळ उपचार म्हणून पाहू शकत नाही.

आधी या पाण्यात असते काय ते पाहू. आपल्याकडे साधारण ऑक्टोबरअखेर पाऊस थांबतो आणि पुढचे सात महिने रस्ते, गच्च्या, पत्रे यांवर धूळ साचत राहते. टायर झिजतात, आणि टायरच्या रबरात झिंक ऑक्साइड असते. ब्रेकच्या लायनिंगमधून तांबे आणि लोखंड झडते. वाहनांखाली तेलाचे डाग पडतात. गॅरेजच्या दारात, रिक्षा थांब्यावर, एसटी स्थानकाच्या परिसरात ते उघड्या डोळ्यांना दिसतात. जनावरांचे शेण, कुत्र्यांची विष्ठा, कचऱ्याची राख, बांधकामाचे सिमेंट, सगळे त्याच धुळीत मिसळते. मग मे अखेरचा किंवा जूनचा पहिला वळीव येतो आणि पंधरा-वीस मिनिटांत हे सगळे उचलून गटारात नेतो. अभियंते या पहिल्या लोटाला ‘फर्स्ट फ्लश’ म्हणतात. पहिल्या लोटातले पाणी बाटलीत धरून उजेडासमोर पाहिले तर ते काळपट तपकिरी दिसते आणि त्याला रॉकेलसारखा उग्र दर्प येतो. अर्ध्या तासाने त्याच जागी धरलेले पाणी फिकट चहासारखे असते. मोसमाच्या शेवटी सप्टेंबरातल्या जोरदार पावसात धरलेले पाणी कधी कधी इतके निवळ असते की नमुना चुकीच्या जागेवरून घेतला की काय अशी शंका यावी.

शहराच्या रस्त्यांवरून वाहणारे पाणी घाण असते हे मोजून सिद्ध करण्याचे मोठे काम अमेरिकेत 1978 ते 1983 या काळात झाले. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने देशभरातल्या 28 ठिकाणी पावसाच्या वाहत्या पाण्याचे नमुने घेतले आणि तांबे, शिसे, जस्त हे धातू त्यात जवळपास सर्वत्र सापडतात हे आकड्यांनिशी मांडले. गाळण्याच्या उपायांची शिस्तशीर तपासणी त्यानंतर रुजली. आपल्याकडे केंद्र सरकारची पावसाळी पाण्याच्या निचऱ्याविषयीची मार्गदर्शिका 2019 साली आली. तिचा मुख्य भर पाणी तुंबू नये यावर आहे, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण पाणी घरात शिरते तेव्हा त्याची शुद्धता कोणी विचारत नाही.

आता टक्केवारीकडे येतो. समजा, एका गाळणीत प्रतिलिटर 300 मिलिग्रॅम गाळ असलेले पाणी शिरले आणि 60 मिलिग्रॅम घेऊन बाहेर पडले. गाळणीने ऐंशी टक्के गाळ अडवला. दुसऱ्या दिवशी रिमझिम पाऊस झाला, 30 मिलिग्रॅमचे पाणी शिरले आणि 15 मिलिग्रॅमचे बाहेर आले. आज गाळणी पन्नास टक्क्यांवर घसरली. माहितीपत्रकाच्या भाषेत पहिला दिवस उत्तम आणि दुसरा सुमार. बोअरच्या दृष्टीने मात्र दुसऱ्या दिवशी चौपट स्वच्छ पाणी आत गेले. पाणी जितके घाण तितकी टक्केवारी सुंदर, हा या आकड्याचा स्वभाव आहे. विकणाऱ्याला नव्वद टक्के दाखवायचे असतील तर त्याने पहिल्या लोटाचे दोन नमुने घ्यावेत आणि बाकीचा पावसाळा सोडून द्यावा, एवढे पुरते. त्यासाठी खोटे बोलण्याचीही गरज पडत नाही.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या पर्यावरण खात्याने हा पेच ओळखून नियम केले आहेत. त्यांची तपासणीची पद्धत ‘टेप’ या नावाने ओळखली जाते. तीत आत येणाऱ्या पाण्यात गाळ प्रतिलिटर 100 ते 200 मिलिग्रॅम असेल तर ऐंशी टक्के अडवला पाहिजे. पाणी त्याहून स्वच्छ, म्हणजे 20 ते 100 मिलिग्रॅमचे असेल, तर टक्केवारी बाजूला ठेवून बाहेर पडणारे पाणी 20 मिलिग्रॅमच्या आत आहे का एवढेच पाहायचे. विरघळलेल्या जस्तासाठी साठ टक्के, विरघळलेल्या तांब्यासाठी तीस टक्के आणि स्फुरदासाठी (फॉस्फरससाठी) पन्नास टक्के अशी वेगवेगळी उद्दिष्टे आहेत. एकच गाळणी या सगळ्यांना पुरी पडेल असे तिथे कोणी गृहीत धरत नाही. मला या पद्धतीतली सर्वात प्रामाणिक गोष्ट हीच वाटते, की प्रत्येक दाव्यापुढे त्या प्रदूषकाचे नाव लिहावे लागते.

त्याच पद्धतीत पाऊस कसा असावा याच्याही अटी आहेत. साधारण चार मिलिमीटर पाऊस झाला पाहिजे, त्याआधी किमान सहा तास कोरडे गेले पाहिजेत, आणि असे डझनभर तरी पाऊस तपासले पाहिजेत. त्या राज्यातल्या सिएटलकडे हिवाळाभर भुरभुर चालू असते, तिथे एका मोसमात हे जमून जाते. सोलापुरात आठवडेच्या आठवडे आभाळ नुसते भरून येते, वारा सुटतो आणि सगळे हिप्परग्याच्या पलीकडे निघून जाते. मग एखाद्या संध्याकाळी ढग फुटल्यासारखा बरसतो आणि तासाभरात महिन्याचा हिशेब पुरा करतो. डझनभर मोजण्याजोगे पाऊस मिळवायला इथे पुरा पावसाळा लागतो आणि एखाद्या वर्षी तोही पुरत नाही. म्हणून तिकडचे प्रमाणपत्र घेऊन आलेली गाळणी आपल्या एका तासाच्या झोडपण्यात कशी वागेल, हे आपल्याला आपल्याच पावसात पाहावे लागते.

या तासाभराच्या पावसात नमुने कसे घ्यावेत, हा या कामातला सर्वात कठीण भाग आहे. दर दहा मिनिटांनी एक बाटली भरली आणि शेवटी सगळ्यांची सरासरी काढली, तर ते काम शास्त्रीय वाटते, पण उत्तर चुकते. समजा, पहिल्या दहा मिनिटांत 200 लिटर पाणी आले आणि त्यात प्रतिलिटर 500 मिलिग्रॅम गाळ होता. पुढे जोर वाढला, 2,000 लिटर पाणी आले आणि त्यात गाळ 50 मिलिग्रॅम होता. दोन बाटल्यांची साधी सरासरी 275 येते. पण आलेल्या एकूण गाळाला आलेल्या एकूण पाण्याने भागले तर उत्तर 91 येते. खड्ड्यात शिरलेल्या पाण्याचे खरे रूप हे 91 आहे. म्हणून बाटली घड्याळाकडे पाहून भरायची नसते, वाहून गेलेल्या पाण्याकडे पाहून भरायची असते: दर इतके लिटर गेले की एक घोट. स्वयंचलित नमुनायंत्र हे आपोआप करते, पण ते महाग असते. नसेल तेव्हा पाण्याच्या वाटेवर त्रिकोणी खाचेची पाटी बसवून, खाचेतल्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह काढून, माणसानेच पावसात उभे राहून हे करावे लागते. सोबतीला एक जण पट्टी वाचणारा आणि एक जण लिहिणारा लागतो. हातात छत्री धरून हे काम होत नाही. रेनकोटच घालावा लागतो, आणि वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून पेन्सिलीने लिहावे लागते, कारण शाई पसरते.

नमुना प्रयोगशाळेत आला की पुढचे काम दिसायला अगदी साधे आहे. काचतंतूंचा पांढरा गोल गाळणकागद आधी ओव्हनमध्ये वाळवून, डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, थंड करून, चार दशांश स्थळांच्या काट्यावर तोलायचा. त्यातून ठरावीक पाणी ओढून घ्यायचे. मग कागद पुन्हा 103 ते 105 अंश सेल्सिअसला वाळवायचा, पुन्हा तोलायचा, आणि वाढलेले वजन म्हणजे गाळ. वाळलेला तो कागद हातात घेऊन पाहण्यासारखा असतो. पत्र्याच्या छपराच्या पाण्याचा असेल तर फिकट राखाडी, रस्त्याच्या पाण्याचा असेल तर काळा, बांधकामाजवळचा असेल तर मुरमासारखा तांबूस. भिंगाखाली काळ्या कागदावर टायरच्या रबराचे लांबुळके, वळ्या पडलेले कण दिसतात. ते एकदा पाहिले की रस्त्यावर झिजणारे रबर जाते कुठे, या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागत नाही.

पण या साध्या कृतीतही एक फसवी जागा आहे. बाटली हलवून तिच्यातून पिपेटने थोडे पाणी काढले, तर जाड वाळू तोवर तळाशी गेलेली असते आणि पिपेटमध्ये येतच नाही. बाटलीतले सगळे पाणी गाळले तर ती वाळू मोजली जाते. एकाच पाण्याची ही दोन वजने पुष्कळदा जुळत नाहीत, आणि पाण्यात वाळू जितकी जास्त तितका फरक मोठा. गाळणीच्या तोंडाशी एका पद्धतीने आणि बाहेर दुसऱ्या पद्धतीने मोजले, तर हवी ती टक्केवारी निघू शकते. अहवालात पद्धतीचे नाव लिहिलेले आहे का, हे म्हणूनच मी आकड्याच्या आधी पाहतो.

वाळू आणि बारीक माती यांतला भेद सोलापुरासाठी फारच मोलाचा आहे. पाश्चात्त्य प्रयोगशाळांत गाळण्या तपासायला दळलेली सिलिका वापरतात. न्यू जर्सी राज्याच्या पद्धतीतल्या सिलिकेचा मधला आकार सुमारे 75 मायक्रॉन असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). असा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला सव्वातीन-साडेतीन मिनिटे घेतो. आपल्या काळ्या मातीतल्या चिकण कणाचा आकार दोन मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी. कण बुडण्याचा वेग आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे दोन मायक्रॉनचा कण तेवढेच अंतर जायला तीन दिवसांहून अधिक काळ घेतो. कोणत्याही गाळ-टाकीत आपले पाणी तीन दिवस उभे राहत नाही. सिलिकेवर ऐंशी टक्के मिळवणारी यंत्रणा आपल्या मातीवर किती मिळवेल, हे सिलिकेच्या अहवालावरून सांगता येणार नाही. आणि धातू, तेल, कीटकनाशके चिकटतात ती प्रामुख्याने याच बारीक कणांना, कारण वजनाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग कितीतरी जास्त असतो. जाड वाळू अडवणे सोपे, पण तिच्यामागे विष फारसे नसते. त्रास ज्याचा आहे तो कण पुढे निसटतो.

एका सोसायटीत खड्डा बांधणाऱ्या मिस्त्रींनी गाळणीतून आलेले पाणी काचेच्या पेल्यात धरून मला दाखवले होते. “सर, बघा की, आरशागत दिसायलंय,” ते म्हणाले. काम त्यांनी मनापासून केले होते, खडी धुऊन घेतली होती, थर नीट लावले होते, आणि पाणी खरोखरच स्वच्छ दिसत होते. मी त्यांना म्हटले, “अण्णा, काम झ्याक झालंय. पण या गच्चीवर निम्मा पत्रा आहे. पत्र्याचं जस्त पाण्यात विरघळलेलं असतं, ते डोळ्याला दिसत नाही.” त्यांनी लगेच विचारले की मग ते कशात दिसणार, आणि मी त्यांना पुढचा नमुना सोबत घ्यायला लावला.

जस्ताचा हा मुद्दा सोलापुरात टाळून चालणार नाही. यंत्रमागांच्या शेडवर पत्रे, जुन्या पेठांतल्या घरांवर पत्रे, एमआयडीसीत तर पत्र्याशिवाय छप्पर शोधावे लागते. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचे जस्त किंचित आम्ल असलेल्या पावसात विरघळत राहते, आणि विरघळलेला धातू वाळूच्या थराला जुमानत नाही. वाळू कण अडवते. विरघळलेल्या आयनांसाठी ज्याच्या पृष्ठभागाला ते चिकटतील असे काही लागते: सेंद्रिय पदार्थ, लोहाची ऑक्साइडे, झिओलाइट नावाचे सच्छिद्र खनिज, किंवा चांगला कोळसा. हे तपासायचे तर नमुन्याचे दोन भाग करावे लागतात. एक भाग 0.45 मायक्रॉनच्या पडद्यातून गाळून मग त्यात नायट्रिक ॲसिड टाकायचे, दुसऱ्यात न गाळताच टाकायचे. क्रम उलटला, म्हणजे आधी ॲसिड टाकून मग गाळले, तर कणांना चिकटलेला धातूही पाण्यात उतरतो आणि विरघळलेल्या जस्ताचा आकडा फुगतो. दोन भागांतला फरक हाच गाळणीच्या कामाचा खरा नकाशा आहे: कणांसोबत आलेले किती अडले आणि विरघळलेले किती तसेच गेले.

धातू अडवण्यासाठी सेंद्रिय पदार्थ हवा म्हटल्यावर लोक शेणखत आणि कंपोस्ट घालू लागतात, आणि इथे आणखी एक अडचण उभी राहते. कंपोस्टमध्ये नत्र आणि स्फुरद भरपूर असतात. पाणी त्यातून जाताना जस्त ठेवून जाते आणि नायट्रेट-फॉस्फेट घेऊन जाते. बाहेरच्या पाण्यात स्फुरद आतल्यापेक्षा जास्त निघण्याचे निकाल जगभर नोंदवलेले आहेत. त्या वेळी टक्केवारीच्या रकान्यात ऋण चिन्ह येते, आणि माहितीपत्रकात ते कधीच छापले जात नाही. आपल्याकडे कोरड्या महिन्यांमुळे हे अधिक तीव्र होते. उन्हाळाभर कडक वाळलेल्या मातीवर पहिला पाऊस पडला की सूक्ष्मजीव एकदम जागे होतात आणि साठलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने मोकळे होते. पहिल्या पावसानंतर पीक कसे तरारते हे शेतकरी जाणतो, त्यामागे हेही एक कारण असते. शेतात जे वरदान, ते बोअरमध्ये नको असते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकातली मर्यादा प्रतिलिटर 45 मिलिग्रॅम आहे आणि उकळून नायट्रेट जात नाही. हेच पाणी तलावात गेले तर शेवाळ माजते. सिद्धेश्वर तलाव शहराच्या पोटात आहे. शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तो लोकांच्या हातांनी खोदवला ही सोलापूरकरांची श्रद्धा आहे, आणि त्या तलावाच्या काठाने रोज हजारो वाहने जातात. तिथे कोणी गाळण-बाग, म्हणजे पावसाचे पाणी माती-कंपोस्टच्या मिश्रणातून गाळणारा झाडांचा वाफा, करायची ठरवली तर तिच्यातले मिश्रण स्फुरदासाठी आधी तपासलेच पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणेन.

बाटलीतले आकडे सगळे सांगत नाहीत, याचे एक उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडच्या ओढ्यांत कोहो सामन मासे पावसानंतर काही तासांत मरत. नेहमीच्या यादीतले धातू आणि तेल मोजून कारण सापडत नव्हते. तिथल्या संशोधकांनी रस्त्याचे पाणी वाळू आणि कंपोस्टच्या मिश्रणातून गाळून त्यात मासे सोडले, तेव्हा मासे जगले. मारणारा पदार्थ कोणता, हे त्यानंतर काही वर्षांनी, 2020 साली कळले: टायर टिकावेत म्हणून रबरात घालतात त्या रसायनाची ओझोनशी अभिक्रिया होऊन बनणारे, क्विनोन गटातले एक संयुग. म्हणजे पदार्थाचे नावही ठाऊक नसताना गाळणी काम करते आहे हे माशांनी दाखवले. त्याच कंपोस्टने स्फुरद सोडले असेल, आणि त्याच कंपोस्टने मासे वाचवले. एखादी गाळणी चांगली की वाईट, हे ती कशाच्या रक्षणासाठी बसवली आहे हे ठरल्याशिवाय सांगताच येत नाही. बोअर, तलाव आणि नदीतले मासे यांच्या गरजा वेगळ्या आहेत.

आपल्या गटारांची आणखी एक गोष्ट परदेशी पद्धतींत बसत नाही. तिकडे सांडपाण्यापासून वेगळी बांधलेली पावसाची गटारे कोरड्या दिवशी बहुधा कोरडी असतात. आपल्याकडे त्यांत सांडपाणी असते, कुठे रंगकामाचे पाणीही असते. म्हणून पाऊस नसलेल्या दिवशी जाऊन गटाराचे झाकण उघडून पाहणे, हे मी तपासणीचे पहिले पाऊल मानतो. कोरड्या दिवशी पाणी वाहत असेल तर तिथे पावसाच्या पाण्याची गाळणी लावून भागणार नाही, आधी ते पाणी कुठून येते ते शोधायला हवे. रस्त्याच्या कडेचे असे पाणी बोअरमध्ये सोडू नये, गाळणी कोणतीही असो, हे माझे ठाम मत आहे. बोअरसाठी फक्त गच्चीचे पाणी, आणि तेही पहिला लोट बाजूला काढून. शंभर चौरस मीटरच्या गच्चीसाठी पहिल्या दोन मिलिमीटरचे दोनशे लिटर वेगळ्या टाकीत वळवले तर गाळणीवरचा सर्वात मोठा भार उतरतो. दोनशे लिटरचे पिंप भंगारबाजारात मिळते. महागड्या गाळणीइतकाच फरक त्या पिंपाने पडू शकतो.

गाळणीची तपासणी ती नवी असताना होते आणि ती वापरली जाते मात्र जुनी होईपर्यंत, ही विसंगती उरतेच. दोन-तीन मोठ्या पावसांनंतर वाळूच्या वरच्या थरावर मातीचा पापुद्रा जमतो. खुरप्याने तो उचलला तर बोटभर जाडीचा, काळा, साबणासारखा गुळगुळीत निघतो आणि त्याखालची वाळू जवळजवळ स्वच्छ असते. गंमत अशी की हा पापुद्रा बारीक कण अडवायला मदतच करतो. त्यामुळे गाळणी तुंबत असते तेव्हा बाहेर येणारे पाणी अधिकच निवळ दिसते. फक्त येते कमी. बाकीचे पाणी खड्ड्याच्या काठावरून ओव्हरफ्लोच्या पाइपने थेट बाहेर जाते, आणि नमुना घेणारा मात्र गाळणीच्या तोटीखालीच बाटली धरून बसलेला असतो. गाळणीने तिच्यातून गेलेल्या पाण्यातला ऐंशी टक्के गाळ अडवला, पण निम्मे पाणी वरून निघून गेले, तर एकूण काम चाळीस टक्केच झाले. पावसाळा संपल्यावर तोच पापुद्रा उन्हाने तडकतो, आणि पुढच्या वर्षीचा पहिला, सर्वात घाण लोट त्या तड्यांतून सरळ खाली उतरतो. म्हणून मेमध्ये खुरपणी झालीच पाहिजे, आणि गाळणीची परीक्षा दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी घेतली पाहिजे.

या सगळ्या अडचणींत माझा भरवसा ज्या एका पडताळ्यावर आहे, तो मोसमाच्या शेवटी फावड्याने करायचा असतो. समजा, पावसाळाभरात खड्ड्यात एक लाख लिटर पाणी शिरले, आत येताना सरासरी 200 आणि बाहेर पडताना 40 मिलिग्रॅम गाळ मोजला गेला. तर सोळा किलो गाळ गाळणीत सापडला पाहिजे. तो काढायचा, वाळवायचा, तोलायचा. नऊच किलो निघाला तर उरलेला कुठून तरी निसटला आहे, बहुधा ओव्हरफ्लोमधून, किंवा आत आलेले पाणीच आपण जास्त मोजले आहे. वीस-बावीस किलो निघाला तर तळाने घरंगळत आलेली वाळू बाटलीत आलीच नव्हती. दोन्ही बाबतींत बाटल्यांचे आकडे पुन्हा तपासायला घ्यावे लागतात, आणि ते घेण्यात कमीपणा नाही.

काढलेल्या गाळाचे पुढे काय होते, हा या पडताळ्याचाच भाग आहे. गाळणीने महिनोन्‌महिने अडवलेले जस्त, तांबे आणि तेल त्या गाळात एकवटलेले असते. तो बागेतल्या अळूच्या वाफ्यात टाकायचा नसतो, आणि गटाराच्या कडेला ढीग करून ठेवायचाही नसतो, कारण परतीच्या एका पावसात तो पुन्हा गटारात उतरतो आणि गाळणीचे वर्षभराचे काम शून्यावर येते. आमच्या नोंदवहीत म्हणूनच गाळाच्या वजनापुढे तो कुठे नेऊन टाकला याचा वेगळा रकाना आहे, आणि तो भरल्याशिवाय त्या मोसमाची टक्केवारी आम्ही काढत नाही.